प्राप्त झाले

मुलुंडच्या बाजारात, घड्याळाच्या बंद दुकानाच्या पायरीशी
यमी हिलम बसते. शहापूरच्या पल्याडची वाडी तिची.
टोपलीत करवंदं, वर पळसाची पानं,
आणि चुंबळीवर, देवासारखा टेकवून ठेवलेला
तो पिवळा डबा.

मी सदतीस वर्षं कॅशियर होते.
ओल्या स्पंजला बोट लावून किती नोटा मोजल्या
ते विचारू नका.
झोपेतही अंगठा हलतो तुझा, हे म्हणायचे.
मला पैसा वासानं कळायचा:
मासळीची गड्डी, दवाखान्याची गड्डी,
वैशाखात हळद लागलेल्या नोटा.

यमीचा पैसा कनवटीला असायचा.
दोन गाठी. एक नवऱ्याला ठाऊक,
दुसरी त्याला नव्हती ठाऊक, मला होती.

मग गिऱ्हाइकांचे खिसे एकाएकी रिकामे झाले.
"सुट्टे नाहीत मावशी, स्कॅनर आहे का?"
"नाय बा," यमी म्हणायची,
"आमच्या रानात नाय होत."

शेजारच्या शहाळेवाल्याकडे होता. इसाकभाई.
गिऱ्हाईक त्याला पैसे टाकी, तो हिला रोख देई.
चोख माणूस, वीसमागे दोन कापायचा,
न विसरता.

म्हणून मीच नेलं तिला, माझ्याच जुन्या शाखेत.
काउंटरवर माझ्या जागी आता कुंडी आहे.
जन्मतारीख? एक जानेवारी.
वाडीतल्या सगळ्यांचीच एक जानेवारी.
मोबाइल? भाच्याचा.
भाचा कुठे? भिवंडीच्या गोदामात, रातपाळीला.

डबा आला. पहिलं गिऱ्हाईक आलं.
"वीस रुपये प्राप्त झाले," डब्यातली बाई बोलली.
यमीनं आधी मागं वळून पाहिलं.
"प्राप्त म्हंजी?"
"म्हणजे आले."
"मंग आले म्हनावं की."
मग पदर सावरून डब्याला म्हणाली,
"बरं बाई. आले तर आले."

पण ही बाई सगळ्यांदेखत बोलते.
कनवटीची गाठ कधी बोलली नव्हती.
भिंतीला टेकून पेंगणारा तिचा बारक्या
आता डोळे मिटून ऐकतो, पेरांवर मोजतो,
आणि दुपारी एकला उभा राहतो:
"एकशेऐंशी झाले. दे."
"डब्यात हायेत. काढ."

त्यानं डबा उचलला. हलवला. कानाशी धरला.
उलटा करून टोपलीवर आपटला.
दोन करवंदं घरंगळली गटाराकडे,
तेवढीच.

मी हसले. इसाकभाई हसला. यमी सगळ्यात मोठ्यानं.
मग तिनं मला हळूच विचारलं,
"पर बाई, मी काढायचं कसं?"

भाचा रविवारी येईल म्हणाला होता.
मागल्या रविवारीही म्हणाला होता.

मी अजून रोखच देते. मुद्दाम. कोरी नोट असेल तर
घडी घालून, जुनी करून.
ती इकडे तिकडे बघते
आणि नोट दुसऱ्या गाठीत जाते, मुक्यानं.

काल संध्याकाळी नात होती सोबत. सखू. सहा वर्षांची.
तिला डब्याचं एक बटण सापडलंय:
दाबलं की शेवटचा हिशेब पुन्हा ऐकू येतो.
वीस रुपये प्राप्त झाले.
वीस रुपये प्राप्त झाले.
येणारेजाणारे थबकून बघायला लागले,
आज एवढी विक्री कसली?
बारक्याही उठून बसला.

"दाब गं," यमी म्हणाली, "आजून दाब,"
आणि रिकाम्या टोपलीवर ऐटीत हात ठेवून बसली.

नऊ वेळा.
मी रस्त्याच्या कडेला, पिशवी खांद्याला लावून,
आणि माझा अंगठा हलत होता.